मामाजींची बादली पलटण

मुलीचं लग्न ठरवताना होणाऱ्या जावयाची फक्त उंची मोजणारा बाप माझ्या सासऱ्यांखेरीज अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा झाला नसेल. मी वणीला शाळामास्तर. मुलगी पाहायला झरीकडच्या त्यांच्या गावी निघालो तेव्हा पगार, शेती, घराणं, पत्रिका अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं बसमध्येच घोकून ठेवली होती. मामाजींनी, म्हणजे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सासऱ्यांनी, त्यातलं एकही विचारलं नाही. पोहे संपायच्या आत त्यांनी मला अंगणात नेलं, गुरांच्या कोठ्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "हात वर करा जी." मी केला. माझी बोटं छपराच्या वळचणीला लागली. "बिडी-सिगरेट?" मी नाही म्हणालो. "मंग जमलं," असं म्हणून ते आत गेले आणि सोयरीक पक्की झाल्याचं सांगून मोकळे झाले. माझ्या आधीचा एक इंजिनिअर बुटका म्हणून परत गेला होता आणि एका तलाठ्याच्या खिशात लायटर सापडला होता, हे बायकोने मला लग्नानंतर पुष्कळ महिन्यांनी सांगितलं. सांगताना ती हसत होती, मला मात्र जरा वाईट वाटलं, कारण तोवर मी समजत होतो की मी माझ्या स्वभावामुळे पसंत पडलो.

मामाजींनी गावात आग विझवणाऱ्यांचं एक दल काढलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण गाव त्याला 'बादली पलटण' म्हणायचं. पलटणीजवळ तीस-पस्तीस बादल्या, कपाशीवर फवारणी करायचे पाठीवरचे चार पंप, भिजवायला बारदाना, एक शिट्टी आणि लाल रंग दिलेलं एक मोटरसायकलचं हेल्मेट एवढी सामग्री होती. हेल्मेट अर्थातच मामाजींचं. ते घालून ते रोज सकाळी गावात फेरी मारत, कोणाच्याही स्वयंपाकघरात थेट शिरून चुलीमागचं सरपण उपसून बाहेर ठेवत आणि भाकरी थापणाऱ्या बाईला विचारत, "आता आग लागली त तू कोन्या दारानं पळशील?" बाई म्हणे, "तुमी दारातून बाजूले व्हाल त पळीन ना जी!" माझ्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा वधूपिता मांडवात नव्हता, आचाऱ्याच्या भट्टीपाशी बादली घेऊन उभा होता. माझ्या थोरल्या काकांनी जेवणानंतर हौसेनं बिडी पेटवली, ती मामाजींनी त्यांच्या बोटांतून अलगद काढून त्यांच्याच चहात बुडवली आणि वर त्यांना नम्रपणे नमस्कार केला. गावात कोणाच्या मयतीला जायचं असलं तरी पाठीवर पाण्यानं भरलेला पंप असेच. मात्र स्मशानात ते चितेकडे पाठ करून उभे राहत. गैरसमज नको म्हणून सांगतही असत, "मी त्यायच्यासाठी नाई आलो, मी गवतासाठी आलो."

हे वेड त्यांना उगीच लागलं नव्हतं. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी त्यांचा स्वतःचा कोठा जळाला होता. आग विझवायची गाडी लांबच्या शहरातून यायची, मधे घाट, जंगल आणि नाला, त्यामुळे तिची वाट पाहण्यात अर्थच नव्हता. विहीर अंगणात होती, अख्खं गाव धावून आलं होतं आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी भांडं होतं. लोकांनी रांगही लावली. पण मामाजींच्या शेजारी आली त्यांच्या धाकट्या भावाची बायको, आमच्या काकू. मामाजी त्यांचे भासरे, म्हणजे थोरले दीर. आमच्याकडे भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळत नाही, त्याच्याशी बोलणं नाही आणि त्याच्या हातातून काही घ्यायचं तर मुळीच नाही. तो वस्तू खाली ठेवतो, मग ती उचलते. त्या दिवशीही तसंच झालं. मामाजींनी भरलेली बादली जमिनीवर ठेवायची आणि काकूंनी डोक्यावरचा पदर सांभाळत ती उचलायची. खाली दगडगोटे. प्रत्येक बादली कलंडायची, अर्धं पाणी तिथेच सांडायचं. कोठ्यात सुंदऱ्या नावाचा बैल दाव्याला होता. तो निघाला नाही. मामाजी ही गोष्ट सांगत तेव्हा हेल्मेट काढून मांडीवर घेत. "पानी होतं, मानसं होती," एवढंच म्हणत, "पन रांग बराबर नोयती." तेव्हा मला त्यांची थट्टा करावीशी वाटत नसे.

त्यामुळे पलटणीचा सगळा इतिहास म्हणजे रांगेत कोणी कोणाशेजारी उभं राहायचं याचा इतिहास आहे. दुसऱ्या कुठल्या गावात हा प्रश्न पंधरा मिनिटांत सुटला असता, आमच्याकडे त्याला पंधरा महिने लागले. सासऱ्याशेजारी सून चालत नव्हती. भासऱ्याशेजारी धाकटी भावजय चालत नव्हती. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालेले दोन शेजारी एकमेकांची बादली घ्यायला तयार नव्हते. दोन सख्ख्या जावा शेजारी ठेवल्या तर बादली तिथे आली की थांबायची, कारण त्यांचं बोलणं अर्धवट राहिलेलं असायचं. सगळ्यांत मोठा घोटाळा व्याह्यांनी केला. गावातल्या गावात सोयरीक झालेले दोन व्याही पहिल्या सरावात जवळजवळ आले. पहिला बादली पुढे करून म्हणाला, "घ्या ना जी." दुसरा म्हणाला, "नाई नाई, पयले तुमी." "असं कसं, तुमी पोरावाले." ती बादली त्या दोघांमध्ये इतका वेळ झुलली की मामाजींनी शिट्टी फेकून मारली. शेवटी त्यांनी एका वहीत सगळ्या गावाची नाती, अबोले आणि भांडणं लिहून काढली आणि रात्रंदिवस माणसं इकडची तिकडे करत बसले. एक जागा हलवली की सात बिघडत. सासूबाई म्हणायच्या, "पोरीचं लगन जमवाले इतका टाइम नाई लागला."

ती वही अखेर जुळली, पण एका जागी अडली. कितीही माणसं फिरवली तरी विहिरीजवळ मामाजींच्या पुढे काकूच येत. मधे असा एकच माणूस हवा होता ज्याला गावातल्या कोणाशी ना लाजायचं कारण, ना भांडायचं, आणि ज्याच्या हातातून घ्यायला कोणालाच संकोच नाही. असा माणूस म्हणजे जावई. म्हणून मी. माझ्या उंचीचा उपयोग कधीच झाला नाही. छपरापर्यंत पाणी फेकायला आणलेला मी मामाजींच्या हातातली बादली काकूंच्या हातात देण्यापुरता उरलो. सराव बाजाराच्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी, कारण त्या दिवशी मजूर शेतात जात नाहीत. मला शाळेची सुट्टी, त्यामुळे सुटका नव्हती. हप्त्याच्या उरलेल्या सहा दिवसांत आग लागली तर काय करायचं, असं मी एकदा विचारलं तर मामाजी म्हणाले, "बदली करून घ्या ना इकडं, जवाईबापू." ते ही विनंती दर दिवाळीला पुन्हा करत. मी दर दिवाळीला विषय बदलत असे.

एवढी तयारी झाली आणि गावात आग लागायची थांबली. वर्षांमागून वर्षं गेली. एकदा डास घालवायला कोणी कोठ्यात कडुनिंबाचा धूर केला, त्याच्यावर पलटणीनं वीस बादल्या ओतल्या आणि म्हशीला सर्दी झाली. एका होळीला वारा होता. पलटण चौफेर सज्ज उभी होती, एक ठिणगी कोणाच्या तरी दुपट्ट्यावर उडाली, मामाजींनी शिट्टी मारली आणि पाहता पाहता गावानं स्वतःची होळी विझवली. पोळीचा नैवेद्य चिखलात गेला. म्हातारी माणसं महिनाभर मामाजींशी बोलली नाहीत. पण पाणी किती लवकर पोचलं हे मामाजी येईल त्याला अभिमानानं सांगत राहिले. एकदा मला हळूच म्हणाले, "आग लागावं असं मनात येनं पाप हाय ना?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मंग मले पाप लागून राह्यलं. एकडाव पाहाचं हाय, आमची रांग चालते का नाई." त्यांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, आणि आपण असेपर्यंत हे कळेल की नाही याची त्यांना खरीच धास्ती होती.

आता माझी चूक सांगतो. त्या रविवारी मला सरावाचा कंटाळा आला होता. गावाच्या अलीकडच्या फाट्यावर एक भज्यांची टपरी आहे, तिथे मी मोटरसायकल थांबवली. पहिली प्लेट संपत आली तेव्हा गावाकडून धूर वर येताना दिसला. मामाजी कधीकधी सरावाला जोर यावा म्हणून ओलं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पेटवत, त्यामुळे मी मनातल्या मनात हसलो आणि दुसरी प्लेट सांगितली. टपरीवाला म्हणाला, "मास्तर, धूर काया दिसून राह्यला." मी म्हटलं, मामाजींचा धूर काळाच असतो. तीही प्लेट मी संपवली. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

गावात पोचलो तर काकूंच्या कोठ्याला लागून रचलेला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग धडधडत होता. काका आत गुरं सोडत होते. रांग नुकतीच लागली होती, अगदी वहीत लिहिल्याप्रमाणे. व्याही लांब लांब होते, भांडणारे शेजारी लांब लांब होते. विहिरीपासून मामाजींपर्यंत बादली येत होती आणि काकूंपासून पुढे सगळे हात रिकामे, वाट पाहत होते. मधे एका माणसाची जागा मोकळी होती. मी गाडी टाकून धावत सुटलो, "मामाजी, आलो, आलो!" असं ओरडत. मामाजींच्या हातात काठोकाठ भरलेली बादली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोठ्याकडे पाहिलं, आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचे दुखरे गुडघे वाकायला लागले. बादली जमिनीकडे निघाली.

काकूंनी एका झटक्यात पदर कमरेला खोचला. "खाली नोका ठेवू!" त्या ओरडल्या. "हातात द्या माह्या!"

लग्न होऊन त्या घरात आल्यापासून काकूंनी भासऱ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मामाजी अर्धे वाकलेले तसेच थांबले. मग सरळ झाले, एक पाऊल पुढे सरकले आणि बादली त्यांनी काकूंच्या हातात दिली. थेंब सांडला नाही. मागून दुसरी आली, तिसरी आली. मी पोचलो तेव्हा माझी जागाच उरली नव्हती. तेलकट हात पँटीला पुसत मी तिथे नुसता उभा राहिलो. काकांनी शेवटची गाय बाहेर काढली, आणि थोड्या वेळानं ढिगातून धुराऐवजी वाफ निघायला लागली. कोठ्याची एक भिंत काळी झाली, बाकी काही गेलं नाही.

गावानं आरडाओरडा केला, कोणी शिट्ट्या मारल्या, दोन व्याह्यांनी एकमेकांना चक्क मिठी मारली. मामाजी विहिरीच्या काठावर बसले होते. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट झाली होती, म्हणून मी अभिनंदन करायला जवळ गेलो. त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं. ते म्हणाले, "इतकंच होतं जवाईबापू. नुसती हातात द्याची होती. सुंदऱ्याच्या टायमालेच देली असती त..." आणि ते रडले. मी त्यांच्या शेजारी बसलो. माझ्या तोंडाला भज्यांचा वास येत होता आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. पदर पुन्हा डोक्यावरून पुढे ओढलेला, मान खाली. दोन्ही कप त्यांनी माझ्या हातात दिले, आणि त्यातला एक मी मामाजींच्या हातात दिला. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. संध्याकाळी मामाजींनी वहीतलं माझं नाव खोडलं. "आता बदलीची गरज नाई," म्हणाले. इतकी वर्षं टाळलेली ती विनंती त्यांनी परत घेतली तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

मामाजींना जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांच्या मयतीला सगळी पलटण भरलेल्या बादल्या घेऊन आली होती आणि चितेकडे पाठ करून गवताकडे तोंड करून उभी होती. रविवारचा सराव चालू आहे. मी जातो, न चुकता, आणि वाटेत टपरीवर थांबत नाही. शिट्टी आता काकूंकडे आहे, हेल्मेट खुंटीला आहे, ते कोणाच्या डोक्यात नीट बसत नाही. सराव संपला की काकू चहा आणतात, आणि सवयीनं दोन कप माझ्या हातात देतात. एक मी पितो. दुसरा थोडा वेळ हातात धरतो, मग विहिरीच्या काठावर ठेवतो.