व्याह्यांचा छत्रीवाला

जगात विश्वास ठेवण्यासारखं काहीही नाही, या एकाच गोष्टीवर आमच्या व्याह्यांचा पूर्ण विश्वास आहे. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांनी मान्य केलंय, पण रोज पहाटे अंगणात उभं राहून स्वतः खात्री करून घेतल्यावरच. ढगाळ दिवशी ते आपलं मत राखून ठेवतात. सडक अर्जुनीच्या पलीकडे, मोठा रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गाव लागतं. गावचा तलाव त्यांच्या खापरपणज्यांनी बांधला असं सारा गाव सांगतो, पण ते स्वतः मात्र "म्हनतेत बा सारे" एवढंच म्हणतात. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरी मिशी आणि सदा बारीक केलेले डोळे. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं की उन्हामुळे डोळे बारीक केले असतील. मग ते घरात येतात, पंख्याखाली बसतात, तरी डोळे तसेच असतात, आणि समोरच्याला उगाचच आपण काहीतरी लपवतोय असं वाटू लागतं.

त्यांच्या मुलीचं आमच्या मुलाशी लग्न ठरायच्या वेळी मी हे सगळं अंगावर घेतलेलं आहे. गोंदियाजवळ मुर्रीला आमचं घर पाहायला आले तेव्हा पोहे निवून गेले, कारण ते घरातले नळ एकेक करून उघडून बघत होते. भिंतीवर बोटांनी टकटक करून झाली. देवघरासमोर हात जोडले आणि जोडलेल्या हातांनीच माझ्या बायकोला विचारलं, "रोज पूजा होते का जी, का आजच झाली?" पुढे ते न सांगता उगवू लागले. एकदा सकाळी साडेसहाला दारात उभे. मुलगा खरंच लवकर उठतो का हे पाहायला आले होते. तो बिचारा ब्रश तोंडात धरून त्यांच्या पाया पडला. शेवटी त्यांनी कोपऱ्यावरच्या चहावाल्यापासून ते किराणा दुकानापर्यंत सगळ्यांकडे चौकशी केली आणि गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे, म्हणजे त्यांच्या बोलीत 'इवाई'कडे, आले. म्हणाले, "इवाई, पोरगा दारू पीत नाई असं सारेच सांगून राह्यले. एकही मानूस वाकडं बोलत नाई. म्हनजे काईतरी गडबड हाये." तेव्हा माझ्या धाकट्या भावाने प्रसंगावधान राखून, "तसा चिडका आहे जी थोडासा," असं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि लग्न ठरलं.

अशा या माणसाच्या आयुष्यात एक परदेशी व्हिडिओ गेम शिरला, ही नवलाचीच गोष्ट. मुलगी लहान असताना तिला गोवर निघाला होता. घराबाहेर जायची बंदी, म्हणून ती दिवसभर रडायची. तिच्यासाठी त्यांनी गोंदियाच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलं होतं, आणि साहजिकच ते खोटं आहे असं गृहीत धरून ते तपासायला बसले. एकेक गेम उघडायचा, थोडा खेळायचा, पुढचा उघडायचा. मुलीचा गोवर उतरला तरी तपासणी चालूच होती. शेवटी त्यांनी शोधून काढलं की मोजके दहा-बारा गेमच नावं बदलून पुन्हा पुन्हा घातलेत. आपल्याला फसवल्याचा इतका आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आजही ती गोष्ट सांगताना ते खुशीत मांडीवर थाप मारतात. पण त्या दहा-बारांत एक गेम त्यांच्या मनात राहिला. लाल छत्री घेतलेला एक बुटका माणूस. डोंगर चढतो, नाले ओलांडतो, उंचावरून उडी मारताना छत्री उघडतो आणि अलगद खाली येतो. गेमचं मूळ नाव कुणालाच नीट वाचता येईना, म्हणून बापलेकींनी त्याला छत्रीवाला म्हणायला सुरुवात केली. तो आवडायचं कारण विचारलं तर ते सांगतात, "बोलत नाई थो. जो बोलत नाई त्याच्यावर जरासा इस्वास ठेवता येते."

हाच तो गेम, ज्याचे पुढे एकामागून एक भाग निघत गेले आणि अजून निघतच आहेत. छत्रीवाल्याचे बूट बदलले, टोपी आली, मग टोपी गेली. प्रत्येक नवा भाग व्याही बारकाईने तपासायचे. तरी गेमपर्यंत ठीक होतं. पण मग छत्रीवाल्याचं कार्टून निघालं आणि टीव्हीवर तो चक्क हिंदीत बोलू लागला. नुसता बोलला नाही, गाणं म्हणाला, विनोद केले, शेवटी मुलांना दात घासायचा उपदेशही केला. व्याही पहिल्या भागातच उठून टीव्हीच्या मागे जाऊन पाहून आले. "हा तो नाई," त्यांनी जाहीर केलं. "इतके वर्ष या मानसानं तोंड उघडलं नाई, अन् आता याचं तोंडच बंद होऊन नाई राह्यलं. याले कोनी शिकवून पाठवलं?" त्यांचा असा पक्का समज होता की खरा छत्रीवाला कुठेतरी वेगळाच आहे आणि कुणीतरी त्याची छत्री पळवून त्याच्या नावावर पोट भरतंय. त्यानंतर काही वर्षांनी त्याच्यावर ॲनिमेशनचा मोठा सिनेमा आला. तो पाहायला ते मुलीला घेऊन गोंदियाला गेले. सिनेमात छत्रीवाल्याला बायको आणि एक तापट सासरा दाखवला होता. मध्यंतरात व्याही दारावरच्या माणसाला विचारायला गेले, "भैया, पिक्चर वहीच चालू है ना?" तो हो म्हणाला. मग त्यांनी शेजारच्या भेळवाल्यालाही विचारलं.

सिनेमा पाहून आल्यावर मुलगी वहीत त्यातले डोंगर काढत बसली. ती लहानपणापासूनच चित्रं काढायची आणि सुरेख काढायची. पण बापाची तऱ्हा अशी की चित्र हातात घ्यायचं, उजेडात धरायचं, मागून पाहायचं आणि विचारायचं, "खरंच तूच काढलं? का कोन्या मास्तरनं हात लावला?" मग तिने त्यांच्यासमोर बसून तेच चित्र पुन्हा काढायचं. पुन्हा काढलं तरी शाबासकी नाहीच. फक्त एक हुंकार. शाळेत बक्षीस मिळालं तर हे परीक्षकांची चौकशी करायचे. नागपूरला कलेच्या कॉलेजात गेली तेव्हाही तेच. लग्नानंतर एकदा स्वयंपाकघरात ती माझ्या बायकोला म्हणाली होती, "आत्याबाई, मला त्यांनी छान म्हणायला नको आहे. एकदा तरी न विचारता खरं मानावं, बस." हे तिने हसत हसत सांगितलं, पण माझ्या बायकोने त्या रात्री मला ते जसंच्या तसं सांगितलं.

आणि योग पाहा. गेल्या वर्षी आमच्या सुनेला घरबसल्या काम मिळालं ते नेमकं छत्रीवाल्याच्या नव्या ॲनिमेशन मालिकेचं. दूरच्या शहरातला कुठला तरी स्टुडिओ, त्याच्याकडे परदेशातून आलेलं काम, आणि त्यातला एक तुकडा मुर्रीला आमच्या माडीवरच्या खोलीत. ही बातमी ऐकून व्याही दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आले. माडीवर गेले आणि तिच्या मागे हाताची घडी घालून उभे राहिले. ती काचेच्या पाटीवर पेनाने झाडं काढत होती.

"मानूस काऊन काढत नाई?"

"माणसं दुसरे काढतात, बाबूजी. माझ्याकडे मागचा देखावा. झाडं, दगड, पाणी."

"म्हनजे छत्रीवाला त्याह्यनं घेतला अन् तुले माती-गोटे देले."

जाताना त्यांनी स्टुडिओचा फोन नंबर मागून घेतला. आमच्याच ओसरीत बसून फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला मोठ्याने विचारलं, "आप लोग सचमुच हो क्या?" ती बहुधा हो म्हणाली असावी, कारण त्यांनी लगेच फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कोनीही म्हनन हव." सुनेने समजूत घातली की मालिकेच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात, त्यात आपलंही येणार आहे असं कळवलंय. त्यावर त्यांनी निकाल दिला, "नाव दिसन तं मानीन." तिने मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या घरात मालिकेची नव्हे, त्या नावाचीच वाट पाहणं सुरू झालं.

मालिका इंटरनेटवर आली आणि मुलाने ती टीव्हीवर लावली तो रविवार होता. दुपारी व्याही आले, माझा भाऊ आला, शेजारच्या काकू आल्या. सुनेने सगळ्यांना चहा दिला. व्याही खुर्ची पुढे ओढून, डोळे बारीक करून बसले. नव्या छत्रीवाल्यावर त्यांनी आक्षेप नोंदवायला सुरुवात केली: चाल बदललीय, छत्रीची दांडी जाड झालीय, आणि बोलतो तर बोलतोच. मग एक देखावा आला. संध्याकाळची वेळ, मोठा तलाव, त्याची मातीची उंच पाळ, व्याह्यांच्या बोलीत 'पार', पाळीवर झाडं, आणि छत्रीवाला एकटाच चालत चाललेला. व्याही ताडकन उठले. चहाचा कप कलंडला.

"थांबवा! पार झिरपून राह्यली! माती आना, माती!"

आणि अनवाणीच दाराकडे धावले. माझ्या भावाला वाटलं गॅस झिरपतोय. त्याने आत जाऊन सिलिंडर बंद केला. काकू "अगं बाई" करत पदर सावरून अंगणात गेल्या. व्याही उंबऱ्याशी पोचले, तिथे थबकले, आणि आपण कुठे आहोत हे ध्यानात येऊन परत फिरले. आम्ही हसू दाबत होतो. ते हसले नाहीत. "थो मागचा भाग अजून एकदा दाखव," असं त्यांनी जावयाला सांगितलं. पुन्हा तो तलाव आला. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, पाळीच्या पायथ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि खुर्चीत येऊन बसले.

भाग संपला. नावं सुरू झाली. बारीक अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकत होत्या आणि सून पडद्याजवळ उभी राहून प्रत्येक ओळीवर नजर फिरवत होती. नाव आलं नाही. मुलाने मागे नेऊन हळूहळू दाखवलं. तरी नाही. तिसऱ्यांदा बघू म्हणाला तर तीच म्हणाली, "राहू द्या." तिचा चेहरा पाहवत नव्हता. भाऊ गोंदियाच्या हिंदीत सारवासारव करू लागला, "अरे, इतने लोग रहते, एखाद नाम छूट जाता है." काकूंनी मात्र हळूच विचारलं, "काम पक्कं तेच होतं ना गं? दुसऱ्या कशाचं तर नसेल?" मला व्याह्यांची धास्ती वाटत होती. आता हे काय विचारतील ते मला तोंडपाठ होतं, आणि आज ते त्यांनी विचारू नये म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"कायले नाव शोधून राह्यले?" व्याही म्हणाले. "ती पार माया पोरीनं काढली."

सून वळली.

"पारीच्या पायथ्याशी, पान्याच्या उलट्या अंगाले, गवतात ओल हाये. इत्तीशी. पार फुटाची असली की पहिले तिथं ओल येते. पान्यापावसात मी पार पाहाले जाओ, तं ही माया खांद्यावर बसून राहे. मले दिसाच्या आंधी हिले दिसे. 'बाबूजी, ओल!' म्हनून माये केसं ओढे." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "बाई, हे कोन्या दुसऱ्यानं काढलंच नाई. नाव असो का नसो."

"स्टुडिओच्या साहेबांनी सांगितलं होतं तो डाग पुसून टाका म्हणून," सून कशीबशी म्हणाली. "मी नाही पुसला. ओल नसली की मला ती पार खरी वाटेना, बाबूजी."

"पुसाचा नाई," ते म्हणाले. मग खाकरले, मिशीवरून हात फिरवला आणि पडद्याकडे बोट दाखवून आवाज चढवला, "अन् थे बाकीचे नावं तरी खरे हायेत कशावरून? कोनी पाह्यलं त्याह्यले काढताना?" आम्ही सगळे हसलो. सून रडत होती आणि हसतही होती. माझ्या बायकोने तिला जवळ घेतलं. मीही उगाच चष्मा पुसायला घेतला.

हा माणूस सगळ्यांवर संशय घेत हिंडतो असं मी आजवर चारचौघांत थट्टेने सांगत आलो. सांगतो अजूनही. पण परक्या गावच्या तलावाची पाळ तपासायला ते कधी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पावसाळ्यात रात्रंदिवस ते फिरले ते आपल्याच पाळीवर.

स्टुडिओने पुढच्या भागांत नाव घालू असं कळवलंय. घालतील की नाही देव जाणे. व्याह्यांनी त्याबद्दल पुन्हा विषय काढला नाही, मालिकाही पुढे पाहिली नाही. तो बोलका छत्रीवाला त्यांना अजून मान्य नाही. आता गुडघे दुखतात म्हणून त्यांचं मुर्रीला येणंही कमी झालंय. न सांगता कुणी दारात उगवत नाही, आणि खरं सांगतो, सकाळी साडेसहाला दार उघडून मी एखाद्या दिवशी उगाच रस्त्याकडे पाहतो. संध्याकाळी मात्र त्यांचा फोन येतो. सून त्यांना सांगत बसते: आज अमुक झाड काढलं, आज नाल्यातले दगड, आज धुकं. ते काहीच विचारत नाहीत. इतका वेळ पलीकडून आवाज नाही म्हटल्यावर ती मधेच थांबते.

"बाबूजी, ऐकून राहिले ना?"

"हव, बेटा. सांग."