लाभ, दोन, तीन

सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारून लोखंडी जिना चढून गेलं की एक लांबट खोली लागते. आत भिंतीला लावून आठ संगणक, मधे एक मोठं टेबल आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. या खोलीत बाई नवशिक्यांना प्रोग्रामिंग शिकवतात. म्हणजे, संगणकाला काम कसं सांगायचं ते शिकवतात. बाईंच्या मते संगणक हा अतिशय कष्टाळू आणि अतिशय मठ्ठ गडी आहे. सांगाल तेवढं करील, मनातलं ओळखून काही करणार नाही. "घरी असं माणूस असेल तर आधी रडू येतं, मग सवय होते," असं त्या म्हणतात आणि कोणाबद्दल म्हणतात ते सांगत नाहीत.

बाईंचं शिकवणं गोड आणि परीक्षा कडक. तोंडी परीक्षेत त्यांचा एक नियम दगडावरच्या रेघेसारखा होता. शोधायला दिलेली वस्तू समोर असून विद्यार्थ्याने "नाही" असं उत्तर दिलं, की नापास. बाकी सगळं बरोबर आलं तरी नापास. "नसलेलं शोधत बसलात तर फार तर वेळ जाईल," त्या समजावत. "पण असलेलं नाही म्हणालात तर समोरचा माणूस हात हलवत परत जाईल. ते पाप आपल्या प्रोग्रामच्या माथी नको."

आता या पोरांना अ‍ॅरे, म्हणजे संगणकातली माहितीची ओळ, डोळ्यांपुढे कशी उभी करायची? फळ्यावर चौकोन काढून झाले, खोक्यांची चित्रं काढून झाली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका दुपारी बाईंनी घरच्या फडताळातले एकसारखे दहा स्टीलचे डबे रिकामे केले, आतल्या डाळी-कडधान्यांच्या कागदात पुड्या बांधल्या आणि डबे पिशवीत घालून क्लासला नेले. टेबलावर ओळीने मांडले, प्रत्येकात आकडा लिहिलेली चिठ्ठी टाकली, झाकणं लावली. "हा अ‍ॅरे. नाव सगळ्यांचं मिळून एक, आणि डब्याला क्रमांक. पहिल्या डब्याचा क्रमांक शून्य, शेवटच्याचा नऊ. संगणक शून्यापासून मोजतो, त्याच्याशी वाद घालू नका."

इतक्यात दारात बाईंच्या सासूबाई उभ्या राहिल्या. धापा टाकत होत्या.

"अगं, माझे डबे."

बाई म्हणाल्या, "आई, संध्याकाळी आणते परत."

"तूरडाळीची पुडी सुटली आहे खाली. सगळी फरशी पिवळी झाली. ते जाऊ दे, डब्यांचं काय चाललंय ते तरी कळू दे मला." आणि त्या मागच्या बाकावर बसल्या. डब्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला आलेल्या सासूबाई तास संपेपर्यंत हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यांबरोबर स्वतःच पिशवी घेऊन आल्या आणि तिसऱ्या दिवशी क्लासच्या मालकांना म्हणाल्या, "माझं नाव घाला."

देव कोणाला कोणत्या दाराने कुठे नेईल सांगता येत नाही. सासूबाईंच्या मनात एक गोष्ट फार वर्षं होती, ती आता बाहेर आली. गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात संगणक आला होता आणि त्याच्यापुढे बसायला माणूस नव्हतं. सासूबाईंनी उभा जन्म त्या वाचनालयातून पुस्तकं आणली. टेबलाच्या अलीकडे उभं राहूनच सगळं आयुष्य गेलं, एकदा तरी टेबलाच्या पलीकडे बसावं, एवढीच इच्छा. चिटणीस म्हणाले होते, "क्लासचं पास झाल्याचं प्रमाणपत्र दाखवा, खुर्ची तुमची. पण या परीक्षेचं. पुढच्या परीक्षेपर्यंत जागा रिकामी ठेवता येणार नाही."

झालं. सासूला नापास करावं तर घरात महाभारत, आणि पास करावं तर गावभर बोभाटा. बाई मालकांकडे गेल्या. "यांची परीक्षा तुम्ही घ्या."

मालक डोकं खाजवत म्हणाले, "मी माझ्या सासूला साधा पत्ता विचारायला घाबरतो. तुमच्या सासूला प्रश्न विचारू?"

घरी नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुम्हा दोघींच्या मधे मी लग्नापासून पडलो नाही, आता कशाला?" सासरे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मी तर त्याच्याही आधीपासून पडलो नाही."

तसं पाहिलं तर सासूबाई वर्गात हुशार होत्या. स्टॅक म्हणजे काय, विचारल्यावर कॉलेजातली एक चष्मेवाली मुलगी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "घासलेल्या ताटांची चळत. शेवटी ठेवलं ते आधी हाती येतं. खालचं ओढायला गेलात तर शेजारी विचारायला येतात, काय झालं म्हणून." क्यू म्हणजे रांग, आधी आला तो आधी सुटला, त्यात घुसणाऱ्यांबद्दल त्यांनी जे सांगितलं ते अभ्यासक्रमात नव्हतं. डबे आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावले असतील तर मधला आधी उघडायचा, आकडा हव्या त्यापेक्षा लहान निघाला तर त्याच्या डावीकडचे सगळे सोडून द्यायचे, हेही त्यांना चटकन कळलं. टपाल वाटणारे एक काका वर्गात होते, ते मात्र रोज दारोदार हिंडायच्या सवयीने पहिल्या डब्यापासून एकेक उघडत जायचे. त्यांना त्या म्हणायच्या, "अहो, क्रमाने लावलेत ना? मग काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?"

घोडं अडलं ते शून्यापाशी. डबे कसेही लावले असले, की सगळे एकामागून एक पाहावेच लागतात. तिथे सासूबाईंचा प्रोग्राम क्रमांक एकपासून निघायचा, म्हणजे सगळ्यात पहिला डबा झाकलेलाच राहायचा. आणि शेवटी तो दहा क्रमांकाचा डबा मागायचा. तो डबा नव्हताच, म्हणून संगणक लाल अक्षरांत कुरकुरायचा.

"आई, शून्यापासून."

"शून्य म्हणजे काही नाही. जिथे काही नाही त्याला डबा कशाला?"

"तो नुसता क्रमांक आहे हो."

"देवाने बोटं दिली ती एकपासून मोजायला दिली. शून्यावं बोट कोणतं, दाखव मला."

परीक्षेच्या दिवशी सकाळी बाई स्वयंपाकघरात शिरल्या, तर सासूबाई पोत्यातले तांदूळ मापाने डब्यात भरत होत्या. ओठांतल्या ओठांत मोजणं चाललं होतं. "लाभ… दोन… तीन…"

बाई थबकल्या. लहानपणापासून ऐकलेलं, पण आज कानात शिरलं.

"आई, पहिल्या मापाला एक का नाही म्हणालात?"

"धान्य मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. घरात येतंय ते लाभाचं असावं म्हणून." हात थांबला नाही. "चार."

"मग संगणकाचंही तसंच समजा. पहिल्या डब्याला तो एक म्हणत नाही. तुम्ही लाभ म्हणता, तो शून्य म्हणतो."

सासूबाईंनी माप खाली ठेवलं. "हे आधी सांगायला काय झालं होतं? एवढे दिवस शून्य शून्य करून माझा जीव खाल्लास. लाभ म्हणाली असतीस तर पहिल्या दिवशीच कळलं असतं."

बाईंना वाटलं, सुटले. देवापुढे हात जोडून त्या क्लासला निघाल्या. इतकी सोपी युक्ती सुचली याबद्दल त्यांना स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं, आणि माणसाला स्वतःचं कौतुक वाटलं की वरचा हसतोच.

परीक्षा अशी असायची. विद्यार्थ्याने टेबलाकडे पाठ करून बसायचं, कारण प्रोग्रामला डोळे नसतात. त्याने डब्याचा क्रमांक पुकारायचा, दुसऱ्या कोणीतरी तो डबा उघडून आकडा वाचायचा. कोणी बोट दाखवू नये म्हणून चिठ्ठ्याही बाई स्वतः टाकायच्या नाहीत. त्या दिवशी चिठ्ठ्या चष्मेवालीने टाकल्या आणि डबे उघडायला टपालकाका उभे राहिले.

सासूबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. पाठमोऱ्या बसल्या, पदर सारखा केला. ताटांची चळत झाली, रांग झाली. चढत्या क्रमाच्या डब्यांत त्यांनी "पाच" म्हटलं, मग "सात", आणि आकडा सापडला. वर्गात कौतुकाची कुजबुज झाली. मग चष्मेवालीने चिठ्ठ्या विस्कटून पुन्हा टाकल्या.

"आता डबे कसेही आहेत," बाई म्हणाल्या. "चाळीस आकडा शोधा. कोणत्या डब्यात आहे ते सांगा, नसेल तर नाही म्हणा."

"लाभ," सासूबाई म्हणाल्या.

टपालकाका गोंधळले. "लाभ म्हणजे कोणत्या घराचा?"

"पहिला हो. तुमचा शून्य."

काकांनी झाकण काढलं. "बारा."

"दोन."

आणि बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाभ, दोन, तीन. लाभानंतर दोनच येतात, एक येतच नाही. पहिलं माप लाभ, दुसरं माप दोन. पण टेबलावर शून्याशेजारी एक बसला होता, आणि सासूबाईंनी त्याला ओलांडून दोनला हाक मारली होती. सासूबाईंची यात काडीची चूक नव्हती. सकाळी स्वयंपाकघरात ज्या युक्तीबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली, ती ही.

"एकसष्ट," काका वाचत होते.

"तीन."

बाईंनी चष्मेवालीकडे पाहिलं. ती मान खाली घालून ओठ चावत होती. म्हणजे चाळीस कुठे आहे ते उघड झालं. बोलावं तर परीक्षा खोटी, न बोलावं तर खुर्ची गेली. बाईंनी खडू इतका घट्ट धरला की त्याचे दोन तुकडे झाले. मनात नामस्मरण चालू झालं, पण देवालाही पेपर फोडायला कसं सांगणार?

चार झालं, पाच झालं. सासूबाई ठसक्यात पुकारत होत्या. सहा, सात, आठ, नऊ. चाळीस नाहीच.

"दहा," सासूबाई म्हणाल्या.

काकांचा हात टेबलाच्या कडेवरून पुढे हवेत गेला. "या पत्त्यावर कोणी राहत नाही," ते म्हणाले. टपालवाल्याची जन्माची सवय. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

आता फक्त "नाही" म्हणायचं बाकी होतं. सासूबाईंनी तोंड उघडलंही. मग मिटलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "घाई करू नका मला. डबे दहा. मी हाका मारल्या दहा." त्या मांडीवर बोटं दुमडून मोजत होत्या. "त्यातली एक हाक वाया गेली. मग उघडले किती? नऊ. म्हणजे एक डबा झाकलेला आहे तुमच्या टेबलावर. आहे ना, टपालवाले?"

"मला बोलायची परवानगी नाही, काकू."

"नका बोलू. मीच आठवते. लाभ म्हणाले, दोन म्हणाले…" त्यांनी बोटं पुन्हा मोजली. मग कपाळावर हात मारून घेतला. "एक म्हणालेच नाही की मी. एक."

झाकण निघालं. काकांनी चिठ्ठी उघडली आणि टपाल पोचल्यासारखी वाचली. "चाळीस."

बाईंचा जीव भांड्यात पडला. पण लगेच त्यांनी पेन उचललं, आणि या प्रश्नाचे निम्मे गुण कापले.

सासूबाई वळल्या आणि कागदाकडेच बघत म्हणाल्या, "कापलेस? सापडलं ना शेवटी?"

"नसलेला डबा मागितलात. संगणक तिथेच बंद पडला असता."

"लाभाचं कोणी शिकवलं मला?"

"मीच शिकवलं. चूक माझी आहे, सगळ्या वर्गासमोर सांगते."

"मग गुण माझे का?"

"चूक कोणाची, हे संगणक विचारत नाही, आई. तो फक्त अडतो."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "एवढे कापून पास आहे का?"

"पास आहात. काठावर नाही, बऱ्यापैकी."

"मग कापलेस ते बरं केलंस," त्या उठत म्हणाल्या. "नाहीतर जिना उतरायच्या आत लोक म्हणाले असते, सुनेने ढकललं." आणि त्या टेबलाशी गेल्या, दहाही डब्यांची झाकणं घट्ट लावली आणि डबे पिशवीत भरले. डबे रिकामे करताना सकाळी कागदावर ओतलेले तांदूळ घरी अजून तसेच पडले होते.

चिटणिसांनी प्रमाणपत्र वाचलं, गुण वाचले, आणि किल्ली दिली.

सोमवारी वाचनालय उघडायच्या आधीच सासूबाई खुर्चीवर होत्या. खुर्ची खोल वाटली म्हणून घरून उशी आणली होती. बाई क्लासला जाताना वाटेत दारातून डोकावल्या, तेव्हा टेबलाच्या अलीकडे सासरे उभे होते, दोन्ही हातांत एकेक जाड पुस्तक घेऊन.

"नाव सांगा," सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"माझं?"

"तुमच्यामागे कोणी नाही."

सासऱ्यांनी आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं. सासूबाईंनी एकेका बोटाने ते टाइप केलं, एक अक्षर चुकलं, खोडलं, पुन्हा केलं. मग एका पुस्तकावर शिक्का मारून ते पुढे सरकवलं आणि दुसरं आपल्याकडे ओढून घेतलं.

"हे वाचून परत आणा," त्या म्हणाल्या. "मग ते."