दोन नंबरचा सेन्सर

गॅरेजमध्ये लोखंड साचतं तसे किस्सेही साचतात. लोखंड भंगारवाला नेतो, किस्से कोणी नेत नाही. मी नंदुरबारात युसूफभाईंच्या गॅरेजवर गाड्यांचं वायरिंग बघतो. कुठे शिकायला गेलो नाही. जुन्या वायरी उघडत गेलो आणि केलेलं काम रोज वहीत लिहीत गेलो. त्या वहीची सात पानं एकट्या दिलीपच्या गाडीने खाल्ली. ती वाचताना अजून डोकं तापतं.

दिलीप कोरीटचा. स्वतःची पेट्रोल गाडी त्याने एका सरकारी ऑफिसला भाड्याने लावलेली, चालवतोही तोच. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत दिवा गेला नाही तर दुसऱ्याची गाडी लावतो. गुरुवारी दिलीप आमच्याकडे आला. "भाऊ, दिवा नही गया तर मन्हं काम जाई," एवढंच बोलला आणि टायरवर बसून राहिला.

मी स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सर, नंबर दोन. पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत असे दोन सेन्सर असतात. एक इंजिनजवळ, दुसरा धूर साफ करणाऱ्या डब्याच्या मागे. मोजायचं इंजिनकडून. अवघड काही नाही. पण आमच्या आधी दोघांनी त्या गाडीला हात लावला होता.

*

पहिला बायपासवरचा. त्याने दिव्यावर काळी टेप चिकटवली. वर दिलीपला विचारलं, "आता दिसतो का?"

टेप काढली तेव्हा कळलं, इंजिन तापल्याचा लाल दिवाही तिच्याखाली झाकला होता. ही गाडी रोज साठ-सत्तर किलोमीटर पळते. मी टेपचा तुकडा वहीत चिकटवून ठेवला. लिहायला शब्द होते, पण ते वहीत लिहिण्यासारखे नव्हते.

*

दुसऱ्याकडे स्कॅनर होता. दोन नंबर खराब, हे त्यालाही कळलं होतं. तरी त्याने इंजिनजवळचा, म्हणजे एक नंबरचा चांगला सेन्सर काढून फेकला आणि तिथे नवा बसवला. खराब होता तो तसाच मागे.

मी फोन करून शांतपणे विचारलं, बाबा, तू मोजलं कुठून? उलट त्यालाच माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. म्हणाला, "मी गाडीखाली मागूनच शिरतो."

फोन ठेवला आणि हातातला पाना भिंतीवर मारला. युसूफभाईंनी तो उचलून पुसून जागेवर ठेवला.

*

साहेब शिकलेले माणूस. ऑक्सिजनचा सेन्सर खराब आहे, असं दिलीपने सांगितल्यावर ते गंभीर झाले. शुक्रवारी रनाळ्याच्या दौऱ्यावर एसी बंद करायला लावला, चारही काचा खाली. उन्हाचे दिवस, रस्त्याचं काम चालू, समोर मुरुमाचा डंपर. दिलीपने सांगून पाहिलं की हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, माणसांचा नाही.

साहेबांनी त्याला गप्प केलं. परत आले ते भुवयांपर्यंत लाल. उतरताना त्यालाच दम दिला, "गुदमरून मेलो असतो मी!"

*

नवा सेन्सर मागवायचा होता. मला न विचारता दिलीपने स्टँडवरूनच पार्टवाल्या शेठला फोन लावला. शेठ मूळचे राजस्थानचे, पण माझ्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात. शनिवारी सकाळी त्यांचा माणूस खांद्यावर भलंमोठं पुडकं घेऊन आला. आत सायलेन्सर.

युसूफभाई बराच वेळ बघत राहिले. "सेन्सर तगडा आया है," म्हणाले.

मी दिलीपला घेऊन तसाच शेठच्या दुकानात गेलो. आवाज चढलाच. सेन्सर बोटाएवढा, सायलेन्सर माणसाएवढा, फरक कळू नये? शेठ दिलीपकडे वळले. "तू सेन्सरच बोलना. माले वाटनं, घाईमा अर्धाच शब्द बोली ऱ्हायना."

खरा सेन्सर सोमवारी सकाळी आला.

*

जुना सेन्सर गंजून बसला होता. असा थंड असताना ओढला तर आटे जातात. म्हणून युसूफभाईंनी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, नळी तापू दिली, इंजिन बंद केलं. मग वायर जायला फट असलेला पाना लावला आणि एका दमात सेन्सर सोडवला. हातमोज्याने धरून पत्र्यावर ठेवला. तेवढ्यात रिक्षातून साहेब उतरले.

ड्रायव्हर आणि मेकॅनिक मिळालेले असतात, नवा पार्ट टाकला सांगून जुनाच पुसून लावतात, हे ते सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं बोलले. दिलीप खाली मान घालून उभा. साहेब म्हणाले, जुना दाखवा, नाहीतर दुसरी गाडी आजच लावतो.

युसूफभाईंनी पत्र्याकडे बोट केलं. "साहेब, गरम आहे. थोडं थांबा."

"मला शिकवू नका," म्हणत साहेबांनी तो उजव्या हाताने उचलला.

त्यांनी सेन्सर टाकला नाही, हळूच पत्र्यावर ठेवला आणि हात खिशात घातला. युसूफभाईंनी नवा बसवला, मी कोड पुसला, दिलीपने गाडी चालू केली. दिवा गेला होता.

"गाडी राहू दे," साहेब दिलीपला म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "दार उघड."

दिलीपच्या लॉगबुकवर रोज संध्याकाळी साहेबांची सही लागते. पुढच्या शनिवारी तो मुद्दाम ते घेऊन आला आणि त्या आठवड्याच्या पाच सह्या मला दाखवल्या. पाचही डाव्या हाताच्या.