चौथी रांग, तेरावी रांग

माझ्या भाच्यावर अन्याय झाला. गेल्या उन्हाळ्यात, मंगळवारी सकाळी, अमरावतीहून मुंबईला निघालेल्या विमानात, दार बंद व्हायच्या आधीच्या सात मिनिटांत. त्याचं वय साडेचार वर्षं. दोन्ही कानांनी त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. त्याला चौथ्या रांगेत बसवलं आणि त्याच्या आईला तेराव्या. अन्याय करणाऱ्यांची यादी मी त्याच दुपारी लिहायला घेतली होती. विमान कंपनी, तिचा नियम, तेराव्या रांगेतला खिडकीवाला. त्या यादीत एक जण राहून गेला होता. तो आता लिहिते. मी.

मी अकोल्याची. पत्रकं लिहिते, छापून घेते, स्टँडवर उभी राहून वाटते. बायकांच्या संडासाला लावलेलं कुलूप, बंद केलेली शेवटची बस, असले विषय. पत्रकात रडायचं नसतं, हे मला चांगलं शिकवलेलं आहे. तसंही त्या दिवसाबद्दल मला रडू येत नाही. काहीच येत नाही. म्हणून घडलं तसं सांगते.

माझी मोठी बहीण अमरावतीला दिलेली. तिला दोन लेकरं. हा मुलगा, आणि दहा महिन्यांची एक मुलगी. मुलाच्या कानात शस्त्रक्रिया करून यंत्र बसवता येईल की नाही, हे ठरायचं होतं. ठरवणार होता मुंबईचा दवाखाना, आणि ठरणार होतं एका तपासणीवर. लेकराला काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन लावतात, बारीक-मोठे आवाज सोडतात. आवाज आला की लेकरानं एक मणी उचलून डब्यात टाकायचा. एवढंच. पण लेकरू घाबरलेलं असलं, झोपेत असलं, रुसलेलं असलं, तर ते मणी टाकत नाही आणि डॉक्टरांना काही कळत नाही. उशीर जितका जास्त, तितकं पुढं बोलणं अवघड, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

ताईनं तीन आठवडे सराव घेतला. मण्यांऐवजी तुरीचे दाणे आणि पोह्यांचा रिकामा डबा. ती त्याच्या पाठीमागं उभी राहून परातीवर पळी मारायची. सध्या दोन्ही कानांत वरून लावायची साधी मशीनं आहेत, त्यांतून त्याला काहीतरी पोचायचं. तो दाणा टाकायचा आणि लगेच मान वळवून ताईच्या तोंडाकडं पाहायचा. ती हसली की दुसरा दाणा उचलायचा. ती हसली नाही तर उचललेला दाणा हातातच राहायचा. त्याला जग ऐकू येत नाही, तो ते माणसांच्या तोंडावर वाचतो. आणि सगळ्यात जास्त आईच्या.

रात्रभर रेल्वेत जागलेलं लेकरू तपासणीला उपयोगाचं नाही, म्हणून विमान. भाऊजी शाळेत मास्तर, परीक्षा सुरू, त्यांना रजा नव्हती. म्हणून सोबत मी.

तिकिटं मी अकोल्यात बसून मोबाइलवर काढली. शेवटी जागा निवडायचं पान आलं. प्रत्येक जागेवर वेगळा दर. मी ताईला फोन केला.

"आईनं लेकराजवळ बसायचे पैसे मागून राहिले हे लोक. मी देणार नाही."

"भरून टाक ना वं. कायले कटकट."

"प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तुह्या तत्त्वाले तिकीट लागत नाई, माह्या पोराले लागते."

तरी मी भरले नाहीत. माझ्या मनात काय होतं ते सांगते. आपल्याकडं एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो. "सरका ना जी थोडं," म्हटलं की माणूस कुरकुरत का होईना, सरकतो. मांडीवर परकं लेकरू घेऊन मूर्तिजापूरपर्यंत जाणारी माणसं मी पाहिलेली आहेत. विमानातही माणसंच असतील, असं मी धरून चालले. आता तर त्या विमानात निम्मी अमरावती असते.

निघताना भाऊजी होते, आणि ताईच्या सासूबाई चांदूर बाजारहून मुद्दाम आल्या होत्या. विमानतळाच्या दारात त्यांनी पिशवी दिली. भाकरी, बेसन, ठेचा.

"आई, पावणेदोन तासाचा तर रस्ता आहे," ताई म्हणाली.

"वरतं काई भेटत नाई म्हणतात. अन् भेटलं तरी त्याले चव नसते. घेऊन जाय."

सामान तपासायच्या यंत्रापाशी जवानानं ठेच्याची बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि ठेवून घेतली. ताईनं पदराच्या टोकाला खडीसाखर बांधली होती. ती राहिली. विमान खाली उतरायला लागलं की कान दुखतात, तेव्हा लेकराच्या तोंडात काहीतरी चघळायला द्यायचं, आणि त्याच्या आधी कानातलं मशीन हलकेच काढून घ्यायचं, असं डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. कधी काढायचं ते तिलाच बरोबर कळतं. तो कपाळाला एक आठी घालतो.

काउंटरवरच्या मुलीनं पास छापले. मी आणि भाचा, रांग चार. ताई आणि तिच्या मांडीवर बाळ, रांग तेरा.

"हे एकत्र करा," मी म्हटलं.

"मॅडम, आत गेल्यावर क्रूला सांगा. होऊन जाईल."

आत गेलो. भाच्याला मी चौथ्या रांगेत खिडकीशी बसवलं, पट्टा लावला, बोटांनी खूण केली की आई येते, आणि मागं गेले. तेराव्या रांगेत ताई वाटेच्या बाजूला बसली होती. खिडकीशी एक पन्नाशीचा माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर घडी घातलेला दुपट्टा. तो एकदा बाहेर बघायचा, एकदा समोरची कागदी सूचना वाचायचा.

मी हवाई सुंदरीला सांगितलं. वयानं माझ्याहून लहानच असेल ती. तिनं त्याला नीट विचारलं, "सर, तुम्ही पुढं चार नंबरला बसाल का? तिथंही खिडकीच आहे."

"नाई जी. मी हे जागा पाहून घेतली. हे बाजू पाह्यजे मले."

ती माझ्याकडं वळली. "त्यांनी जागा निवडलेली आहे, मॅडम. आम्ही सक्ती करू शकत नाही."

आणि मी सुरू झाले.

माझा आवाज चौकातल्या सभेला मागच्या पानटपरीपर्यंत जातो. तो आवाज मी त्या बोगद्यासारख्या अरुंद विमानात काढला. ग्राहकाचा हक्क सांगितला. सार्वजनिक वाहतूक म्हणजे काय ते सांगितलं. आईपासून मूल तोडणारी ही कसली व्यवस्था, असं म्हणाले, आणि ते म्हणताना मला वाक्य आवडलंसुद्धा. लोकांनी मोबाइल वर धरले. मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "बाई, त्यायले सीट हाय, तुमाले सीट हाय. मंग भांडण कायचं? बसा ना आता, विमान का सिग्नलवर उभं हाय?"

दोघं-तिघं हसले.

"तुमच्यासारखे गप्प बसतात म्हणूनच यांचं फावतं," मी त्यांना म्हणाले.

"गप कुठी बसलो, बोलून तर राहिलो."

आणखी लोक हसले. मी आणखी चढले.

ताई उठून उभी राहिली. तिनं बाळ दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. बाळ रडत होतं. मला वाटलं, थोडा वेळ सांभाळ म्हणते आहे. मी तिला हातानं थांबवलं. "थांब ताई, मी बोलतेय ना." ती तशीच उभी राहिली. मग बाळ परत छातीशी घेतलं.

तेव्हा मी पुढं पाहिलं. भाचा पट्टा काढून सीटवर उभा होता. पाठीवरच्या उशीवरून त्याचे फक्त डोळे दिसत होते. मी वाटेत मधोमध उभी होते, त्यामुळे त्याला ताई दिसत नव्हती. दिसत होते मी. उघडं तोंड, ताणलेलं कपाळ, हवेत उठलेलं बोट. काय बोलते ते त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि मी बघत होते त्याच्याकडंच. तो खाली बसला.

"मॅडम, दार बंद होतंय. आता बसला नाहीत तर तुम्हाला उतरावं लागेल."

ताई म्हणाली, "जाय. त्याच्यापाशी जाऊन बस."

मी गेले.

पुढचं फार नाही. उन्हाची हवा, विमान दचकत होतं. पट्ट्याचा दिवा शेवटपर्यंत विझला नाही, कोणाला उठू दिलं नाही. मी भाच्याकडं बघून हसले. त्यानं माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि समोरच्या सीटच्या पाठीकडं पाहत राहिला. बिस्कीट दिलं, घेतलं नाही. दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या. मी खिडकीबाहेर ढग दाखवले. तो माझं बोट बघत होता, ढग नाही.

उतरताना त्याला दुखायला लागलं. खडीसाखर तेराव्या रांगेत. मी पाणी पुढं केलं, त्यानं तोंड फिरवलं. कपाळाला आठी पडली असेलही, मला ती ओळखता येत नाही. त्यानं दोन्ही मशीनं स्वतःच ओढून काढली आणि मुठीत धरली, आणि रडला. आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नाही. त्याच्या रडण्याला वरची हद्दच नाही. अख्खं विमान वळून पाहायला लागलं. मागून ताईचा आवाज आला, "आलेच रे सोन्या, आलेच." तो त्याला सोडून सगळ्यांना ऐकू गेला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी मधल्या रांगा मोजल्या. मग परत मोजल्या.

मुंबईला सामानाच्या पट्ट्यापाशी तो पांढऱ्या शर्टाचा माणूस आमच्याकडं आला. भाचा ताईच्या खांद्यावर होता, बाळ माझ्याकडं. त्यानं आधी लेकराचे लाल झालेले कान पाहिले, मग ताईच्या हातातली मशीनं.

"हे लेकरू होतं का पुढं?"

"हो," मी म्हटलं.

"मंग मले सांगाचं ना. मले वाटलं तुमाले दोघी बहिणीले गप्पा माराले जागा पाह्यजे. माह्यं कपाशीचं वावर मूर्तिजापूरच्या अलीकडं हाय, विमान त्याच्याच वरून जाते म्हणतात, या बाजूनं दिसते. पहिल्यांदा बसलो, म्हटलं पाहून घेऊ." त्यानं दुपट्टा खांद्यावर टाकला. "तुमी मले कायदा सांगून राहिल्या होत्या बाई. लेकरू कुठी सांगितलं?"

मी आठवून पाहिलं. सात मिनिटं मी बोलले होते. व्यवस्था म्हणाले होते, हक्क म्हणाले होते, मूल म्हणाले होते. साडेचार वर्षांचा एक मुलगा चौथ्या रांगेत एकटा बसला आहे, त्याला ऐकू येत नाही, त्याला आई दिसायला पाहिजे, हे एकदाही म्हणाले नव्हते.

"दिसलं का वावर?" ताईनं त्याला विचारलं.

"कायचं दिसते. ढगच ढग."

टॅक्सीत ताईनं लेकराला मांडीवर घेतलं. मग बाहेर बघतच म्हणाली, "मी तुले बाळ देऊन राहिली होती."

"कधी?"

"तू भाषण करत होती तवा. तू बाळ घेऊन माह्या जागेवर बसली असती, अन् मी तुह्या जागेवर त्याच्यापाशी. कोणाले उठवाचंच नव्हतं."

"मग बोलायचं ना, ताई."

"तू कोणाले बोलू देतं?"

मी बाळाला मांडीवर सारखं केलं. ते झोपलं होतं.

दुपारी तपासणी झाली. म्हणजे झाली नाही. काचेच्या खोलीत भाच्यासमोर रंगीत मणी ठेवले, डबा ठेवला. आवाज सोडले. त्यानं मण्यांना हात लावला नाही. ताई त्याच्या शेजारी बसून हसत होती, अगदी घरच्यासारखं. तो तिच्याकडं न बघता काचेपलीकडं माझ्याकडं बघत होता. मी हसले. तरी बघत होता. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबता का. मी बाहेर थांबले. अर्ध्या तासानं ताई मशीनं डबीत ठेवत बाहेर आली, मागून त्या बाई लेकराला घेऊन.

"आज नाही होणार. घाबरलाय तो कशाला तरी. कानही सुजलेत. पुढची तारीख घ्या."

पुढची तारीख साडेतीन महिन्यांनंतरची मिळाली. साडेतीन महिने म्हणजे किती शब्द, हे मला माहीत नाही. ताईला माहीत आहे. ती त्याच्यासोबत रोज बसते.

त्या पुढच्या वेळी ती गेली तेव्हा तिनं जागा निवडून तिकिटं काढली होती. मला सांगितलं नाही. सोबत सासूबाईंना नेलं. मी अकोल्यातच होते. रात्री फोन केला तर म्हणाली, झाली तपासणी, टाकले त्यानं मणी, आता डॉक्टर काय म्हणतात ते पाहू, उशीर झाला म्हणे थोडा. थोडा म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

आईशेजारची जागा विकायला काढणारा नियम चूकच आहे. हे मी मागं घेत नाही, त्याच्यावर माझं लिहिणं चालूच आहे. पण नियम बदलेपर्यंत विमानं उडणार आहेत आणि त्यांत लेकरं बसणार आहेत. आणि कोणत्या ना कोणत्या रांगेत तुम्ही बसलेले असणार आहात.

तेव्हा तुमच्याकडं मागणी करते आहे. वाटेत उभी राहून कोणी बाई आवाज चढवत असेल, तर मोबाइल वर धरू नका, हसू नका, तिचं बोलणं संपायची वाटही पाहू नका. तिचं चुकत असलं तरी. तिला मधेच तोडा आणि एवढंच विचारा: लेकरू कुठं आहे? ती दाखवेल. मग पट्टा सोडा आणि उठा.