रुखवतातली शर्यत

माझं लग्न प्रोसेसरच्या भांडणातून जमलं असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग प्रोसेसर म्हणजे काय ते विचारतात. कॉम्प्युटरचा मेंदू, एवढं सांगितलं की भागतं. त्या मेंदूत कोअर असतात. कोअर म्हणजे एकेक कामाचा गडी, जितके गडी जास्त तितकं काम लवकर उरकतं. असे मेंदू बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आहेत आणि आम्ही वेडे लोक त्यांना रंगांवरून लाल आणि निळी म्हणतो. एकीनं गडी वाढवले की दुसरीला झोप येत नाही. भांडण त्यांचं, पण त्यांच्यापेक्षा जास्त तावातावानं आम्हीच भांडतो.

मी काटेवाडीची, आणि पक्की लाल. अजून पायाही न खणलेल्या बंगल्यांच्या फिल्म मी बिल्डर लोकांना करून देते. घर मी उभं करायचं आणि त्याचं एकेक चित्र कॉम्प्युटरनं रंगवत बसायचं. याला रेंडर म्हणतात, आणि यात त्या मेंदूचा पार घाम निघतो.

बारामतीच्या दुकानात मी सोळा कोअरचा लाल प्रोसेसर मागत होते. शेजारी उभा असलेला एक उंच माणूस, कुणी विचारलं नसताना म्हणाला, "निळ्यात चोवीस मिळतात."

"त्यातले आठच दणकट. बाकीचे सोळा बारके, हलक्या कामाचे," मी म्हणाले.

"ते बारकेच तुमच्या सोळांना पाणी पाजतील."

दुकानदार इतका खूश झाला की त्यानं गिऱ्हाईक सोडून आम्हाला चहा मागवला. चहा निवून गेला तरी आमचं मिटेना. माणूस इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचा होता, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. त्यानंतर बाजारात काही नवीन आलं की तो मला डिवचायला फोन करायचा, नाहीतर मी त्याला. मग एकदा काहीच नवीन आलेलं नसताना त्याचा फोन आला, आणि मी इतकी खूश झाले की काय बोलले ते मलाच आठवत नाही.

लग्नाची बैठक आमच्या घरी झाली. पाहुण्यांना माझी मशीन, म्हणजे कामाचा कॉम्प्युटर, दाखवली. ती गव्हाच्या पत्र्याच्या कोठीवर होती, कारण तिला टेबल असं कधी मिळालंच नाही. आई म्हणायची, आता सासरी जायचीच आहेस, टेबल कशाला करायचं? त्यामुळे मी उंच स्टुलावर बसून, खांदे कानापर्यंत उचलून काम करायचे.

होणारे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणतात, त्या कोठीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एका घरात दोन मशिनी कशापायी? आमच्यात एक हाय की. आळीपाळीनं चालवा."

माझं डोकंच फिरलं. आळीपाळी म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. आधी त्याची पाळी, मग पाहुणे, मग स्वयंपाक, आणि मशीन मोकळी झाली की मी झोपलेली. मी उठून सांगितलं, "माझी मशीन रुखवतात येईल. नाहीतर मी येणार नाही." आईचा चेहरा पडला. रुखवतात नवरीच्या हातचं काम मांडतात, करंज्या, लाडू, विणलेली तोरणं. पण माझ्या हातचं काम हेच होतं, करंज्या तर माझ्या तेलात फुटतात.

तेव्हा आमच्या निळ्या महाशयांना विनोद सुचला. "शर्यत लावू. दोन्ही मशिनी रुखवतात मांडायच्या, दोघींना एकच फिल्म द्यायची. जी हरेल ती विकायची."

"चालेल!" मी ओरडले. रागात माझी जीभ माझ्या पुढे धावते.

निघताना दारात आबा वळले. "पोरी, खुर्चीत बसल्यावर तुजं कोपर कुठवर येतं गं?" मी गोंधळून दाराजवळच्या खुर्चीत बसून दाखवलं. त्यांनी जमिनीपासून कोपरापर्यंत विती मोजल्या आणि मान हलवत गेले. आमच्याकडचे सगळे नंतर पोट धरधरून हसले.

मी मात्र हसत नव्हते. हरले तर माझं काम संपलं, हे मला दिसत होतं, आणि माघार घ्यायला नाक आडवं येत होतं.

लग्न बारामतीच्या कार्यालयात. रुखवताच्या टेबलावर लाडवांच्या उतरंडीशेजारी दोन मशिनी, त्यांचे दोन स्क्रीन. फिल्म पिंपळीतल्या एका बंगल्याची, मीच केलेली. गुरुजी मुहूर्त मोजत होते आणि वऱ्हाड स्क्रीनवर किती फिल्म रंगवून झाली त्याचे टक्के मोजत होतं. दोन्हीकडच्या मावश्यांनी एकदमच बटणं दाबली. आमच्या बाजूनं "लाल! लाल!" सुरू झालं, शेळगावकर "निळी! निळी!" करायला लागले. प्रोसेसर कशाशी खातात हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. बँडवाल्यानं तर नवरा आला समजून वाजवायलाच सुरुवात केली.

मी अंतरपाटामागे उभी राहिले तेव्हा लाल पुढं होती. मंगलाष्टकं सुरू झाली. आणि दुसऱ्या कडव्याला मला माझ्या मशीनचा पंखा ऐकू आला. ती घोगऱ्या आवाजात घरघरत होती, गरम झाली की घरघरते आणि मंदावते तशी. कुणीतरी म्हणालं, "निळी पुढं गेली!" मी मुंडावळ्या बाजूला करून बघितलं. माझ्या मावशीनं, एवढ्या लोकांत नजर लागेल म्हणून, माझ्या मशीनला शाल गुंडाळली होती. डोक्यापासून पायापर्यंत, आणि वर जरीची नाडी बांधून.

हातात हार, पुढं अंतरपाट, गुरुजी सूर लावून उभे. मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, नवरी माहेरच्या आठवणीनं रडतेय.

पलीकडून खाली वाकून नवरा कुजबुजला, "काय झालं?"

"शाल," मी म्हणाले.

त्यानं वळून पाहिलं आणि मंगलाष्टकाच्या ऐन मध्यावर बोंब मारली, "आबा! शाल काढा! तिचा जीव घुसमटलाय!" अर्ध्या वऱ्हाडाला वाटलं नवरी घेरी येऊन पडली. दोघीजणी पाणी घेऊन माझ्याकडं धावल्या. आबा मात्र फेटा सावरत रुखवताकडं धावले, नाडी सुटेना तेव्हा त्यांनी शाल ओरबाडून काढली आणि उपरण्यानं माझ्या मशीनला वारा घालत उभे राहिले. घरघर थांबली. टक्के पळायला लागले. शेवटच्या "सावधान"ला अक्षता पडल्या आणि त्याच वेळी शेळगावकरांनी आरोळी ठोकली. मी हरले होते, थोडक्यात, पण हरले होते.

मी कसाबसा हार घातला. आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाय न्हाय, ही हार धरायची न्हाय. पोरीला तोंड बांधून पळवलं तुमी. आमच्या घरात असं चालत न्हाय."

बरं वाटलं, पण जिवात जीव आला नाही. मोठ्यांनी मंडपात बोललेलं मंडपातच राहतं, हे मी खूप पाहिलंय. शेळगावला माप ओलांडलं तेव्हा मशीन मागच्या गाडीत होती आणि तिचं काय होणार ते विचारायचं मला धाडस नव्हतं.

खोलीत शिरले, मागोमाग नवरा आणि आबा, तर भिंतीला दोन टेबलं लागून. एक उंच, एक बुटकं. दोन्हींवर वेगवेगळे स्विचबोर्ड, आणि भोवतीचा रंग चांगला वाळलेला. बुटक्या टेबलापाशी मी शालूसकट बसले, हात ठेवला. कोपर बरोब्बर त्याच्यावर टेकलं.

"हे कधी केलं?" मी विचारलं. नवरा आबांकडे बघायला लागला.

"बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी सुतार बोलवला," आबा म्हणाले. "त्या कोठीवर बसून पोरीची मान मोडायची म्हनलं."

"मग एका घरात एकच मशीन, आळीपाळी, ते सगळं?"

"ते आधी बोलून गेलो. मग कोठी डोळ्यापुढनं हालंना."

"अहो, मग शर्यत कशाला होऊ दिली? मी रडले तिथं!"

आबांनी उपरणं झटकलं. "आता एवढी चांगली शर्यत लागलेली, ती मोडायची व्हय?"

मला इतका राग आला की मी खदखदून हसायलाच लागले. मग उठले, दोघा बापलेकांना सांगितलं की ही शर्यत उद्या सकाळी पुन्हा होणार, उघड्या तोंडानं, आणि मशीन आत आणायला लावली. ती माझ्या टेबलावर ठेवली. वायर मी स्वतः लावली, कुणाला हात लावू दिला नाही.