मिस्त्रींनी केलेली सही

डिचोलीकरांनो, आमच्या नव्या फ्लॅटचे खांब वर्षभरातच तडकले, म्हणून मी बिल्डरविरुद्ध ग्राहक आयोगात गेले, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आज पणजीला वकिलांकडे आमची इमारत बांधणारे बेळगावचे मिस्त्री आले. बोलावलं मीच होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं.

"खांबांत लोखंड कमी घातलं, बाई. बिल्डरनं सांगितलं, मी ऐकलं."

वकील म्हणाले, "सही केलीत तर त्याच्याकडचं काम जाईल. मागीर पस्तावू नका."

"जाऊ दे. त्या घरांत माणसं राहतात."

प्रतिज्ञापत्रावर सही करून ते पेडण्याला, त्याच बिल्डरच्या कामावर परत गेले.

दोन वर्षं मी या माणसाला शिव्या दिल्या. राग अजून गेलेला नाही, पण आज त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला मीच गेले. तुम्ही त्यांना माफ केलं असतं?