उसने हात

नवरा गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा होता, म्हणून इथे सिडनीत हॅरिस पार्कमधल्या एका स्टुडिओत गेले. त्यांनी न विचारताच त्याला चांगला उजळ करून दिला. भांडायचं त्राण नव्हतं. तसाच लावला, चंदनाचा हार घातला. माणूस काळाकुळकुळीत, फोटोतला गव्हाळ. रोज त्याच्याकडे बघायचे आणि काहीच वाटायचं नाही. रडूही आलं नव्हतं. लोक म्हणायचे, किती धीराची आहे. धीर कसला, आत सगळं बधिर झालं होतं.

कॅसल हिलला आमच्या समोर एक चित्रकार बाई राहते. तिचे आईवडील आफ्रिकेतून आलेले. इतिहासाने विसरलेल्या काळ्या माणसांची ती मोठमोठी चित्रं काढते. त्यातला एक होता दोनशे वर्षांपूर्वी कैदी म्हणून जहाजातून इथे आणलेला पाथरवट. त्याने घडवलेल्या दगडांच्या भिंती अजून उभ्या आहेत, त्याचं चित्र मात्र कुणी काढलं नव्हतं. चेहरा तिने त्याच्या वंशातल्या एका म्हाताऱ्यावरून घेतला. पण म्हाताऱ्याची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, म्हणून हात माझ्या नवऱ्याचे उसने घेतले. पहिल्या दिवशी स्वारी रुबाबात घरी आली. "माझा रंग कालवायला तिला अख्खी दुपार लागली," म्हणाला. लहानपणी ह्याच रंगावर त्याच्या आईने डाळीचं पीठ आणि साय चोळचोळ चोळली होती.

प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा तो नव्हता. मी गेले, कारण त्या चित्रात त्याचे हात त्याच्या खऱ्या रंगात होते. तिथे तरी काही वाटतं का, ते मला बघायचं होतं.

चित्रात हात गुडघ्यांवर ठेवलेले होते. उजव्या अंगठ्याचं चेपलेलं नखसुद्धा होतं. मी बाकावर बसून बघत राहिले. काही नाही.

शेजारी त्या पाथरवटाच्या घराण्यातली एक म्हातारी होती. नातवंडांना सांगत होती, "तो अंगठा बघा. आपल्याच घरातला आहे." मला रागच आला. तो अंगठा आमच्या गॅरेजच्या दारात चेपला होता.

तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तू कुणासाठी आलीस, लव्ह?"

"हातांसाठी," मी म्हणाले. "ते माझ्या नवऱ्याचे आहेत. तो गेला."

ती सॉरी वगैरे म्हणाली नाही. जरा जवळ सरकली आणि म्हणाली, "काय काय करायचे ते हात?"

कॉम्प्युटरवरचं काम, असं सांगणार होते. तोंडून निघालं, भाकरी. दर रविवारी तोच थापायचा. मला कधी जमली नाही, आणि तो होता तोवर माझं काही अडलंही नाही. भाकरी म्हणजे काय ते तिला कळेना, म्हणून दाखवायला मी दोन्ही हात पुढे केले. तळवे तसेच हवेत थांबले. पुढे काय करायचं ते माझ्या हातांना येतच नव्हतं.

म्हातारीने ते धरले, आणि मला रडू फुटलं.